स्वच्छ आवाजाचा इतिहास, अर्थात ट्यूब अ‍ॅम्प घ्यावा तर कोणता?

मंडळी, आजचा विषय जरा 'आवाजी' आहे :)

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की बहुतेकांच्या कानात तो घर्रर्र असा फाटका आवाज येतो. रॉक म्हणजे डिस्टॉर्शन, असं समीकरणच झालंय डोक्यात. पण इतिहास चाळला तर गोष्ट बरोबर उलटी निघते. ज्यांनी हे अ‍ॅम्प्लिफायर बनवले त्यांना तो फाटका आवाज नकोच होता. त्यांच्या लेखी तो बिघाड होता. आपल्या भाषेत सांगायचं तर बग. पहिली पंचवीस-तीस वर्षं सगळी अक्कल तो बग घालवण्यात खर्च झाली. आणि तो बग बऱ्यापैकी फिक्स झाला, तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, तो बग नव्हता, ते तर फीचर होतं!" सॉफ्टवेअरवाल्यांना हे काही नवीन नाही म्हणा.

माझं हे सगळं वाचन चालू आहे त्याला कारण मात्र अगदी व्यावहारिक आहे. आम्हा चार ऑफिसवाल्यांचा एक हौशी बँड आहे. मी वाजवतो त्या गाण्यांना गिटारचा आवाज काचेसारखा स्वच्छ हवा, म्हणजे तारेवर बोट जसं पडेल तसं ऐकू आलं पाहिजे. त्यासाठी वर्षभर दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकलेत आणि आता एक ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाय. एकदाच घ्यायचा आणि पुढची वीस वर्षं वाजवायचा. इतके पैसे खर्चून पहिल्याच पावसाळ्यात तो मुका झाला तर दुसरा घेण्याची ऐपत नाही. त्यामुळे "स्वच्छ" म्हणजे नेमकं काय आणि "भरवशाचा" म्हणजे नेमकं काय, हे समजून घेणं भाग आहे. ही दोन्ही उत्तरं कॅटलॉगपेक्षा इतिहासात जास्त चांगली सापडतात, असं माझं मत झालंय.

सुरुवात ट्यूबपासून करू. आपल्याकडे त्याला व्हॉल्व्ह म्हणायचे. आजोबांच्या काळातला रेडिओ लावला की लगेच बोलायचा नाही, आधी तापायचा आणि मग हळूच आवाज यायचा. तो तापायचा त्या काचेच्या नळ्या म्हणजेच हे व्हॉल्व्ह. १९०६ साली ली डी फॉरेस्ट या अमेरिकन माणसाने दोन इलेक्ट्रोडच्या नळीत मध्ये एक तिसरी जाळी घातली. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, समोरच्या प्लेटकडे धावतात, आणि मधल्या जाळीवरचा इवलासा व्होल्टेज त्या लोंढ्याला कमी-जास्त करतो. नळाच्या तोटीसारखं आहे हे. बोटाने तोटी जराशी फिरवली तरी पाण्याची धार केवढी तरी बदलते. गिटारच्या पिकअपमधून येणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशाएवढाच असतो. तो या तोटीवर लावला की पलीकडे मोठा सिग्नल मिळतो.

आता तोटी पूर्ण उघडली, त्याच्या पुढे काय? नळाला जेवढं पाणी आहे तेवढंच येणार. सिग्नल आणखी मोठा दिला तरी आउटपुट वाढत नाही, लाटेचा माथा सपाट कापला जातो. यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि कानाला तोच फाटका आवाज म्हणून ऐकू येतो. म्हणजे "स्वच्छ" अ‍ॅम्प ही काही वेगळी जादू नाही. तुम्ही जेवढ्या जोरात वाजवणार त्याच्याही वर ज्याच्याकडे जागा शिल्लक आहे, तो स्वच्छ. गिटारवाले या शिल्लक जागेला 'हेडरूम' म्हणतात.

पण क्लिपिंग व्हायच्या आधीसुद्धा ट्यूब काही अगदी सरळमार्गी नसते. थोडा वाकडेपणा असतोच. यावरचा तोडगा गिटारवाल्यांनी नाही, तर टेलिफोनवाल्यांनी शोधला. बेल लॅब्जपुढे प्रश्न होता लांब पल्ल्याच्या फोनचा. तारेवर ठराविक अंतरावर अ‍ॅम्प्लिफायर लावायचे, आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आवाजात आपापली थोडी घाण मिसळणार. एकामागून एक डझनावारी लावले की शेवटी ऐकू येणार फक्त घाणच. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हा तिथला तरुण इंजिनिअर कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत बसला होता, तेव्हा त्याला कल्पना सुचली. आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत इनपुटला द्यायचा. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच स्वतःची चूक बघतो आणि दुरुस्त करतो. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्याच्याच पानावर त्याने आकृती काढली. हाच तो निगेटिव्ह फीडबॅक, जो आपण सगळे इंजिनिअरिंगला घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. यात गेन कमी होतो, पण आवाज साफ होतो. पेटंट मिळायला मात्र १९३७ उजाडलं. गेन मुद्दाम घालवायचा हे कुणाला पटेचना!

आता येऊ आपल्या कथानायकाकडे. लिओ फेंडर, जन्म १९०९, कॅलिफोर्निया. गंमत बघा, हा माणूस इंजिनिअर नव्हता, शिकला होता अकाउंटिंग. मंदीत नोकरी गेली आणि १९३८ च्या सुमारास त्याने फुलरटन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्याला गिटारही वाजवता येत नव्हती. पण दुकानात लोक रेडिओबरोबर वाजवायचे अ‍ॅम्पही दुरुस्तीला आणायचे, त्यामुळे कुठला पार्ट कुठे जळतो, कुठला सांधा निखळतो, हे त्याला हजारदा बघून पाठ झालं होतं. १९४६ साली त्याने स्वतःची कंपनी काढली, तेव्हा हा सगळा अनुभव त्याच्या डिझाइनमध्ये उतरला. आपण आर्किटेक्चरवर तासन् तास मीटिंगा घेतो. लिओ आधी सपोर्टला होता आणि मग डेव्हलपमेंटला आला. मला तर हा क्रम फारच योग्य वाटतो.

त्याची पहिली गिऱ्हाइकं रॉकवाली नव्हती, कारण रॉक तेव्हा जन्मालाच यायचं होतं. ती होती कंट्री आणि वेस्टर्न स्विंग वाजवणारी मंडळी, त्यातही स्टील गिटारवाले. मोठाले डान्स हॉल, समोर शेकडो नाचणारे लोक, आणि स्टील गिटारचा सूर लांबवर घरंगळत नेताना तो फाटून चालणारच नाही. म्हणजे मागणी दोनच गोष्टींची होती: जोरात आणि साफ. १९५२ साली फेंडरचा 'ट्विन' आला, दोन स्पीकरवाला. पन्नासच्या दशकाच्या शेवटी त्याची ताकद ऐंशी वॅटच्या घरात गेली. दरम्यान त्याचा निगेटिव्ह फीडबॅकही आला होता. फोनसाठी शोधलेली युक्ती आता डान्स हॉलमध्ये पोचली होती.

तरीही एक माणूस समाधानी नव्हता, तो म्हणजे डिक डेल. १९६० च्या आसपास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बाल्बोआच्या रॉंदेव्हू बॉलरूममध्ये तो हजारो पोरांसमोर सर्फ गिटार वाजवायचा, तीही जाडजूड तारा लावून, तुटून पडल्यासारखी. लिओचे अ‍ॅम्प तो एकामागून एक जाळत सुटला. (आपण जवळपास पन्नास जाळले, असं तो स्वतः सांगायचा. कलाकाराचा आकडा, थोडा मीठ-मसाला धरून चला.) शेवटी लिओ आणि त्याचा सहकारी फ्रेडी टवारिस स्वतः कार्यक्रमाला गेले, गर्दीत उभे राहिले, आणि हा काय म्हणतोय ते त्यांना तिथे कळलं. मग मोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आला, जेबीएलचा पंधरा इंची स्पीकर आला, आणि 'शोमन' तयार झाला. प्रॉडक्शनमध्ये खरा लोड बघितल्याशिवाय डिझाइन पक्कं होत नाही, हे तेव्हाही खरं होतं.

हे सगळं शिक्षण १९६३ साली एका पेटीत एकवटलं, तिचं नाव ट्विन रिव्हर्ब. पॉवरसाठी चार ६एल६, त्याआधी सहा छोट्या ट्यूब, दोन बारा इंची स्पीकर, ८५ वॅट, शिवाय स्प्रिंगचा रिव्हर्ब. वजन साधारण २९ किलो, म्हणजे जिन्यावरून नेताना देव आठवतो. याच्या सर्किटचं नाव एबी ७६३. काळ्या पॅनेलमुळे या पिढीला 'ब्लॅकफेस' म्हणतात. आजही कुणी "फेंडर क्लीन" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात हाच आवाज असतो. यात एसीचं डीसी करायला ट्यूबऐवजी सिलिकॉन डायोड आहेत. ट्यूबचा रेक्टिफायर असला तर जोरात वाजवताना व्होल्टेज क्षणभर बसतो आणि आवाज मऊ होतो. डायोडमध्ये तो तेवढा बसत नाही, त्यामुळे सूर खणखणीत येतो. 'ट्यूब अ‍ॅम्पमध्ये सगळं ट्यूबचंच हवं' असा हट्ट धरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये वेगळंच चाललं होतं. तिथल्या व्हॉक्स एसी ३० मध्ये निगेटिव्ह फीडबॅकच नाही, आणि चार ईएल८४ ट्यूब आपल्या मर्यादेच्या अगदी काठावर भट्टीसारख्या तापत चालतात. आवाज गोड, चमकदार, पण स्वच्छतेची सीमा लवकर येते. लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल बनला, तो फेंडरच्या बासमन अ‍ॅम्पवर बेतलेला, कारण अमेरिकन माल तिथे फार महाग पडायचा. त्यातून पुढे रॉकचा फाटका आवाज जन्मला. आणि तिथेच डेव्ह रीव्ह्जने हायवॉट काढला. त्याच्या आतली वायरिंग फोटोत बघा एकदा! प्रत्येक वायर काटकोनात वळवून बांधलेली, जणू नऊवारीच्या निऱ्या. द हू आणि पिंक फ्लॉइड यांनी तो वर्षानुवर्षं दौऱ्यांवर वापरला. शंभर वॅटचा हायवॉट हा स्वच्छ आणि दणकट या दोन्ही कसोट्यांवर ट्विनच्या तोडीचा मानला जातो.

आता कथेतलं वळण. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या कंपनीने फेंडर विकत घेतली, १ कोटी ३० लाख डॉलरला. अ‍ॅक्विझिशननंतर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९६६ साली नव्या मालकांनी ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प आणले: आधुनिक, हलके, तापत नाहीत वगैरे. ते इतके बिघडायला लागले की काही वर्षांत गुंडाळावे लागले. ट्यूबला क्षणभर झेपेल त्याहून जास्त भार पडला तरी ती सोसते. त्या काळचा ट्रान्झिस्टर मात्र क्षणात मरायचा आणि मरताना शेजाऱ्यालाही घेऊन जायचा. मग १९६८ च्या सुमारास 'सिल्व्हरफेस' ट्विनच्या सर्किटमध्ये बदल झाले, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो १३५ वॅटचा झाला. हे बदल आवाज आणखी स्वच्छ करण्यासाठीच होते. कागदावर सुधारणाच. पण वाजवणारे म्हणाले, आवाज कडक झाला, जीव गेला. आणि दुरुस्तीवाल्यांकडे रांगा लागल्या, "हा पुन्हा जुन्या सर्किटवर आणून द्या" म्हणून.

इथे मी बराच वेळ थांबलो, कारण हाच सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे. जास्तीत जास्त स्वच्छ हे ध्येय नव्हतंच. तसं असतं तर प्रश्न १९७५ सालीच मिटला होता. त्या वर्षी रोलंडचा जेसी-१२० आला, पूर्ण ट्रान्झिस्टरचा, ट्यूब बदलायची भानगड नाही, आणि स्वच्छ इतका की आजही तो बनतो आणि विकला जातो. नुसतं स्वच्छ आणि भरवशाचं हवं असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, तोच घ्या आणि हा लेख इथेच सोडा. ट्यूब घ्यायची ती वेगळ्या कारणासाठी. हळू छेडलं तर साफ, आणि जीव तोडून छेडलं तर सूर किंचित दबतो, गोल होतो, बोटाच्या जोराला उत्तर देतो. आपल्याला हवी असते ती स्वच्छतेची सीमा, पण थोडी पुढे ढकललेली. ती पार पुसून टाकायची नसते.

बरं, आता भरवशाचं बघू. ट्यूब जळते, मग ट्यूब अ‍ॅम्प भरवशाचा कसा? उत्तर लिओच्या दुकानात आहे. त्याच्या अ‍ॅम्पमध्ये जाड फायबरच्या पट्टीवर सगळे पार्ट ऐसपैस, हाताने सोल्डर केलेले असायचे. कुठली ट्यूब कुठे, याचा कागद पेटीच्या आतच चिकटवलेला. ट्यूब तर बल्बसारखी उपटून बदलायची. म्हणजे बिघडणार हे गृहीत धरूनच सगळी रचना. साठ वर्षांपूर्वीचे ते अ‍ॅम्प आज वाजतात, ते बिघडले नाहीत म्हणून नव्हे. दर वेळी कुणीतरी अनोळखी माणूस ते उघडून दुरुस्त करू शकला म्हणून. भरवशाची माझी व्याख्या आता हीच आहे.

यात एक खोट आहे, ती म्हणजे ट्यूबचा पुरवठा. आरसीएने १९७६ मध्ये ट्यूब बनवणं बंद केलं, मग एकेक करत पाश्चात्त्य कारखाने मिटले. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओसाठी व्हॉल्व्ह बनवले होते, तेही इतिहासजमा. गिटारच्या ट्यूब आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाच्या निर्यातबंदीने काही काळ पुरवठा अडला तेव्हा किमती भराभर चढल्या. म्हणून ज्या ट्यूब सगळेच बनवतात त्यांच्यावरचा अ‍ॅम्प घ्यावा: ६एल६, ६व्ही६, ईएल३४, ईएल८४, आणि पुढे १२एएक्स७. एखादी दुर्मिळ ट्यूब लागणारा अ‍ॅम्प स्वस्तात मिळाला तरी नको.

तर या सगळ्यातून माझ्यासाठी निघालेले नियम असे:

१. वॅटला भुलू नका. ताकद दुप्पट झाली तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला "दुप्पट जोरात" वाटायला साधारण १० लागतात. म्हणजे २२ वॅटचा डिलक्स रिव्हर्ब आणि ८५ वॅटचा ट्विन यांच्यात फरक जेमतेम ६ डेसिबलचा. तो फरक हेडरूमचा आहे. एकटे घरी वाजवणार असाल तर २२ सुद्धा जास्तच. शेजारी ड्रमवाला असेल तर २२ मध्ये आवाज फाटायला लागतो.

२. स्पीकर बघा. ९७ ऐवजी १०० डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर लावणं म्हणजे फुकटात वॅट दुप्पट करणं. लिओने जेबीएल उगाच नव्हता निवडला.

३. अ‍ॅम्प उघडून बघायला सांगा, किंवा आतले फोटो मागवा. पीसीबी असणं वाईट नाही, पण पॉवर ट्यूबचे सॉकेट थेट बोर्डावर असतील तर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सांधे सुटतात. ते चेसिसवर असलेले बरे. सर्किटची आकृती मिळत नसेल तर सरळ नाही म्हणा.

४. जुना अ‍ॅम्प घेताना इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदललेत का ते विचारा. ते पंधरा-वीस वर्षांत सुकतात. आणि स्वतः उघडू नका! बंद केल्यावरही आत ४०० व्होल्टच्या वर साठलेले असू शकतात. हा विनोद नाही.

५. ऑनसाइटवाल्यांसाठी खास. अमेरिकेतला अ‍ॅम्प १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० साठी काटेकोर बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो. २३० व्होल्टचं मॉडेलच मागा.

मग मी काय ठरवलं? ट्विन नाही. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय २९ किलो, तेही दर शनिवारी, नको. डिलक्सही नाही, आमचा ड्रमवाला फार उत्साही आहे. मधला रस्ता आहे: दोन ६एल६, ३५ ते ४० वॅट, एबी ७६३ च्याच घराण्यातलं सर्किट, २३० व्होल्ट, आणि चांगला संवेदनशील स्पीकर. ४० आणि ८५ मध्ये फरक साडेतीन डेसिबलहून कमी, आणि तो स्पीकरने भरून निघतो.

मित्राची अमेरिकेतून स्वस्तात आणून देण्याची ऑफर मी नाकारली, तो थोडा नाराज आहे. डिजिटलवाले म्हणतील, २०१९ पासून फेंडर स्वतःच निम्म्या वजनाचा डिजिटल ट्विन विकतेय, तो घे. ऐकलाय, आवाज फसवेल इतका छान आहे. पण वीस वर्षांनी त्यातली चिप गेली तर ती कोण बनवून देणार? माझ्या अ‍ॅम्पमधला रेझिस्टर मात्र बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला तेव्हाही मिळेल, आणि तो बसवणारा कुणीतरी असेलच. नसला तर मी शिकेन.

आपण दिवसभर जे लिहितो ते पाच वर्षांनी कुणी उघडूनही बघत नाही. एका अकाउंटंटने १९६३ साली काढलेली आकृती मात्र लोक अजून समोर ठेवून सोल्डरिंग करतायत. याचा थोडा हेवा वाटतो, खोटं कशाला बोला.